बाई, माझं उत्तर आलं

वत्सलाबाई,

आज तुमच्या घरून आलो. तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. गल्लीत मंडप टाकला होता, बुद्धवंदना झाली, मग भाषणं झाली. एकाने तुमची जन्मतारीख सांगितली, दुसऱ्याने नोकरीची वर्षं मोजली, तिसऱ्याने तुम्हाला तीनदा 'आदर्श शिक्षिका' म्हटलं आणि एकदा तुमचं नावच चुकवलं. तुम्ही असता तर एकच प्रश्न विचारून त्याला घाम फोडला असता. मग कुणीतरी म्हणालं, "देवराव गुरुजी दोन शब्द बोलतील." मी उठलो, माईकसमोर उभा राहिलो, म्हणालो, "बाई फार चांगल्या होत्या," आणि खाली बसलो. सारा जन्म पोरांपुढे घसा फोडलेला माणूस चार शब्दांत आटोपला.

मला जे सांगायचं होतं ते मंडपाला सांगायचं नव्हतं, तुम्हाला सांगायचं होतं. अठरा वर्षांपूर्वी तुम्ही मला एक प्रश्न घरी न्यायला दिला होता. त्याचं उत्तर माझ्याजवळ त्याच दिवशी होतं. ते मी दिलं नाही, आणि आता तुम्ही गेलात. म्हणून हे लिहितो आहे.

आपली कौलारू शाळा आठवा. चौथी अ माझी, चौथी ब तुमची, आणि मध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत. भिंत म्हणायची पद्धत, एरवी इकडची शिंक तिकडे ऐकू जायची. इकडे मी फळ्यावर प्रश्न लिहायचो आणि खाली उत्तरं. पोरं उतरवून घ्यायची, पाठ करायची, दुसऱ्या दिवशी एका सुरात म्हणायची. माझं अक्षर वळणदार, माझा निकाल शाळेत पहिला, आणि मला त्याची घमेंड होती. ती लपवण्याचा प्रयत्नही मी कधी केला नाही.

तट्ट्यापलीकडून मात्र भलतंच काहीतरी यायचं. एकदा राजाने माळ्याला बक्षीस दिल्याचा धडा चालला होता आणि तुम्ही पोरांना विचारलंत, "माळ्याच्या बायकोले काय वाटलं असन?" मधल्या सुट्टीत मी तुम्हाला गाठलं. म्हटलं, "बाई, माळ्याला बायको होती असं पुस्तकात कुठे लिहिलंय?" तुम्ही डबा उघडता उघडता म्हणालात, "मंग त्याले भाकर कोन बांधून देत असन, गुरुजी?" बाकीचे मास्तर हसले. मला राग आला.

तुमची पद्धत साऱ्या शाळेच्या टिंगलीचा विषय होती. धडा दोनदा वाचायचा, एकदा बाईंनी, एकदा पोरांनी. मग एकच प्रश्न, पुस्तकात नसलेला. वहीत प्रश्न लिहायचा, खाली अर्धं पान कोरं सोडायचं आणि तो प्रश्न घरी न्यायचा. घरी ज्याला वाटेल त्याला धडा सांगायचा आणि प्रश्न विचारायचा. दुसऱ्या दिवशी उत्तर आणायचं आणि उत्तराखाली सांगणाऱ्याचं नाव लिहायचं. 'सांगणारी: आजी, सखूबाई.' 'सांगणारा: मामा, गिरणीतला.' त्याच्याखाली पोराने स्वतःचं उत्तर लिहायचं, पटलं की नाही ते. आपल्या वस्तीत निम्मी घरं बिडीवर चालायची आणि निम्मी गिरणीच्या भोंग्यावर. ज्या बायांना सही येत नव्हती, पगाराच्या कागदावर अंगठा उठवायच्या, त्यांची नावं त्यांच्याच लेकरांच्या अक्षरात तुमच्या वर्गाच्या वह्यांमध्ये होती. मला तेव्हा ते पोरखेळ वाटायचं. आज वाटतं, त्या वह्या कुणीतरी जपून ठेवायला हव्या होत्या.

संत्र्यांच्या दिवसांत मी काटोलकडच्या आमच्या बागेतली पिशवीभर संत्री आणायचो आणि आपण सोलता सोलता भांडायचो. माझं म्हणणं ठरलेलं. गरिबाच्या पोराला मार्क लागतात. त्याला शिष्यवृत्ती मिळाली तर तो पुढे जाईल, तुमच्या प्रश्नांनी त्याचं पोट भरणार नाही. आणि तुम्ही एकदा फोड हातातच ठेवून म्हणालात, "मार्क तं माहे पोट्टेही आनतात. पन गुरुजी, आमाले आजवर सगळ्यायनं सांगतलं. असं वाग, तसं बस, इथं हात लावू नको. विचारलं कोनंच नाई. माह्या मायले उभ्या जन्मात कोनं विचारलं नाई का बाई, तुले काय वाटते. म्हनून मी विचारतो."

मी दुसरं संत्रं तुमच्यापुढे केलं. वाद तिथेच राहिला, तो अजून तिथेच आहे. खरं सांगू? मार्कांचं माझं म्हणणं मला आजही पूर्ण चूक वाटत नाही. तुम्ही असता तर आजही भांडलो असतो.

मग तुम्हाला टायफॉइड झाला. तीन आठवडे दोन्ही वर्ग माझ्याकडे आले आणि वार्षिक तपासणी तोंडावर. तुमच्या वर्गाच्या वह्या पाहिल्या तर शेवटच्या धड्याखाली सगळीकडे अर्धं पान कोरं. धडा होता वाटेवरच्या विहिरीचा. रानातली विहीर, तिला दोरी नाही, वाटसरू पाणी डोळ्यांनी बघून तहानलेले पुढे जायचे. एका सकाळी तिथे दोरी आणि बादली दिसते. दोरी झिजली की नवी येते. कोण ठेवतं ते शेवटपर्यंत कुणाला कळत नाही. आजारी पडायच्या आदल्या दिवशी तुम्ही प्रश्न दिला होता: दोरी ठेवणाऱ्याने आपलं नाव का सांगितलं नसेल?

बाई, त्या वेळी माझ्या मनात कपट नव्हतं, एवढं माना. मला तुमची काळजी वाटली. साहेब येतील, कोरी पानं बघतील, शेरा खराब होईल. म्हणून मी फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'कारण सज्जन माणसे प्रसिद्धीची हाव धरत नाहीत,' आणि सगळ्या वर्गाला उतरवून घ्यायला लावलं. एकूण एक वही भरली. एका पोरीने तेवढं विचारलं, "गुरुजी, खाली नाव कोनाचं लिहू?" ती मंदा, पुढच्या रांगेतली, बिड्या वळणाऱ्या पार्बताबाईची. मी म्हटलं, "नाव नको. हे बरोबर उत्तर आहे."

तुम्ही परत आलात त्या दिवशी मी शाबासकीची वाट बघत तट्ट्याशी उभा होतो. तुम्ही एक वही उघडली, दुसरी उघडली, दहावी उघडली. मग तिथूनच, आवाज न चढवता विचारलंत, "गुरुजी, हे कोनाच्या मायनं सांगतलं?"

तुम्ही ओरडला असता तर मी भांडलो असतो. तुम्ही पोरांना रबर काढायला सांगितलं. पेन्सिलीने लिहिलेलं होतं, बरं होतं. पंधरा मिनिटं सगळा वर्ग माझं वाक्य खोडत होता आणि तो घासण्याचा आवाज मला इकडे ऐकू येत होता. मग तुम्ही प्रश्न पुन्हा घरी दिलात. आणि सुट्टीत माझ्यापुढे उभ्या राहून म्हणालात, "तुमीही घरी न्या, गुरुजी. राग नाई. पन तुमाले काय वाटते, मले खरंच आयकाचं आहे." मी म्हटलं, "पुस्तकात नाही ते मला कसं ठाऊक असणार?" आणि तोंड फिरवलं. का फिरवलं, ते पुढे सांगतो.

दोन दिवसांनी तपासणी आली. हेडमास्तरांनी तुम्हाला आधीच बजावलं होतं की शेरा वाईट आला तर चौथी ब गुरुजींकडे जाईल आणि तुम्ही पहिलीत अ आ इ शिकवाल. तुम्ही मान हलवली होती. साहेब आले, आधी माझ्या वर्गात. मी त्याच धड्यावरचा प्रश्न विचारला, पोरांनी एका सुरात सज्जन माणसांचं वाक्य म्हटलं, साहेब खूश झाले. मग पलीकडे गेले. मीही मागे गेलो.

त्यांनी मंदाची वही उचलली. रबराने काळवंडलेलं अर्धं पान, आणि त्यावर काहीच नाही.

"उत्तर कुठंय, बेटा?"

"आनखी आलं नाई, साहेब."

"आलं नाही म्हणजे?"

"माय इचार करून राहिली. काल तिनं सांगतलं का उद्या सांगतो. तिले घाई नाई आवडत."

हेडमास्तरांचा चेहरा पडला. साहेबांनी दुसऱ्या पोराला उभं केलं. तो म्हणाला, "त्याले लाज वाटली असन. लोकं पाया पडले असते तं कसं दिसलं असतं?" तिसरा म्हणाला, "दोरी जुनी असन, साहेब. तुटली अन् कोनाची बादली बुडाली, तं नाव सांगनाऱ्यालेच बोलनं खा लागलं असतं." वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "गुरुजी, तुम्ही शेजारीच शिकवता. या कोऱ्या पानांबद्दल तुमचं मत काय?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या नजरेत विनवणी नव्हती. नेहमीसारखा प्रश्न होता, मला काय वाटतं एवढाच. मी म्हणालो, "मला काही सांगता येत नाही, साहेब."

यावर आपण कधी बोललो नाही. तुम्ही विषय काढला नाहीत, मी माफी मागितली नाही. आज मागतो आहे.

तपासणी दोन दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसात शेरेबुक घेऊन बसले होते. पेन उघडलेलं होतं, मी हजेरीपटांचा गठ्ठा घेऊन उभा होतो, तुम्हाला बाजूच्या खुर्चीवर बसवलं होतं. तेवढ्यात दारात मंदा. हातात वही. "साहेब, आलं."

"काय आलं?"

"मायचं उत्तर." आणि तिने वाचलं. "नाव सांगतलं असतं तं लोकं ते पानी पेले नसते. सांगनारी: माय, पार्बताबाई."

साहेबांना कळलं, हेडमास्तरांना कळलं. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही अशा माणसाने दोरी वळली होती. बिड्या वळणाऱ्या, एक अक्षर न येणाऱ्या बाईने तो धडा आम्हा सगळ्यांपेक्षा नीट वाचला होता. आणि धडा तिने वाचलाही नव्हता, लेकीच्या तोंडून ऐकला होता.

मग साहेबांनी पोरीला विचारलं, "आणि तुला स्वतःला काय वाटतं?" इतक्या वर्षांत तपासणीला आलेल्या कुणा साहेबाने पोराला असा प्रश्न विचारल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

मंदा म्हणाली, "मले वाटते, त्याले नाव सांगाचं होतं."

तुम्ही खुर्चीत ताठ बसला होतात आणि डोळे वाहत होते, पण पदर वर नेला नाहीत. साहेबांनी शेरेबुकात एकच ओळ लिहिली: चौथी ब चा वर्ग आहे तसाच चालू द्यावा. पुढे तुम्ही निवृत्त होईपर्यंत तो तसाच चालला. मुद्दाम सांगतो, त्या दिवशी मला हेवा वाटला नाही. छाती भरून आली. ही बाई माझ्या शेजारी शिकवते, असं मी त्या संध्याकाळी घरी बायकोला दोनदा सांगितलं. तुम्हाला एकदाही सांगितलं नाही, कारण माझं तोंड तसलं.

पुढच्या वर्षी मीही धड्याखाली अर्धं पान सोडायला लागलो. गुपचूप. फळ्यावर उत्तरं लिहायचोच, शिष्यवृत्तीची पोरं तयार करायचोच, पण आठवड्यात एक प्रश्न घरी जायचा. तुम्हाला कळू नये म्हणून हळू आवाजात द्यायचो. तट्ट्याच्या भिंतीतून! एकदा पलीकडून आवाज आला, "गुरुजी, जरा मोठ्यानं सांगा, माह्या पोट्ट्यायलेही लिहून घेऊ द्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि दोन्ही वर्ग खदखदा हसले.

माझं उत्तर मात्र तुम्ही विसरला नाहीत. दरवर्षी तो धडा आला की विचारायच्या, "तुमचं काय झालं, गुरुजी?" मी म्हणायचो, "येऊन राहिलं, बाई." माझ्या निरोपाच्या समारंभात, हार गळ्यात असताना, तुम्ही कानाशी येऊन तेच विचारलंत. आणि दीड महिन्यापूर्वी, तुम्ही खाटेवर, आवाज पार बारीक झालेला, तरीही. "आलं काय?" मी म्हटलं, "येऊन राहिलं." तुम्ही हसलात. "काटोलहून बैलगाडीनं येऊन राहिलं काय हो?" तेव्हा सांगायला हवं होतं. वेळ होता, खोलीत आपण दोघंच होतो. मी तुमच्या हातावर सोललेलं संत्रं ठेवलं आणि निघून आलो.

तर आता ऐका. काटोलकडच्या आमच्या बागेला लागून, वाटेवर एक विहीर होती. मी अकरा वर्षांचा असेन. एका उन्हाळ्यात तिथे नवी दोरी आली. चांगली, पिळदार. आठ दिवस येणारे-जाणारे तिने पाणी प्याले, आमच्या घरचे प्याले, मीही प्यालो. मग कुणीतरी पीळ ओळखला. दोरी लहानूने वळली होती. लहानू गावाबाहेरच्या वस्तीतला, आमच्याच बागेत कामाला. त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. माझे बाबा विळा घेऊन विहिरीवर गेले आणि मला सोबत नेलं. दोरी ताणून धरल्याशिवाय कापली जात नाही. दुसरं टोक मी धरलं होतं. लहानू बागेच्या कडेला उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी तो कामाला आला, पण माझ्याशी बोलला नाही. त्याआधी रोज बोलायचा.

म्हणजे तुमच्या पोरांकडून 'सज्जन माणसे' लिहून घेत होतो तेव्हा खरं उत्तर मला ठाऊक होतं, बाई. मंदाच्या मायच्या आधीपासून ठाऊक होतं. तिला विचार करायला तीन दिवस लागले. मला एक क्षणही लागला नव्हता. म्हणून तोंड फिरवलं.

आज कार्यक्रम संपल्यावर मंदा मंडपाबाहेर भेटली. खापरखेड्याच्या वीज कॉलनीतल्या शाळेत ती आता चौथीला शिकवते. पार्बताबाई थकल्या आहेत, पण अजून तिच्या पोरांच्या प्रश्नांना उत्तरं पाठवतात म्हणे. मंदाने विचारलं, "गुरुजी, तुमी एवढंसंच काहून बोलले?" आणि मला काय झालं कोण जाणे, गल्लीत, खुर्च्या उचलणाऱ्या पोरांच्या मध्ये उभं राहून मी तिला सगळं सांगितलं. विहीर, विळा, दोरीचं टोक. सांगून झाल्यावर मान वर करवेना.

तिने बरोबर म्हटलं नाही, चूक म्हटलं नाही. तुमचीच पोरगी. म्हणाली, "पुढच्या आठवड्यात मी तोच विहिरीचा धडा सांगनार आहे. पुस्तकातून गेला, पन माह्यापाशी आहे. हे तुमचं उत्तर वर्गात वाचून दाखवू काय?"

"दाखव," मी म्हटलं.

"नावासकट?"

"नावासकट. लहानूच्याही."

सांगणारा: देवराव, चौथी अ